लघवीत जंतू पुन्हा पुन्हा सापडतात तेव्हा: औषधाआधी करायच्या गोष्टी

लघवीच्या रिपोर्टवर ‘ई. कोलाय, १,००,००० पेक्षा जास्त’ असं, म्हणजे आतड्यात राहणारा एक जंतू मिलीलिटरमागे लाखाहून जास्त, असं छापून आलं की घर हादरतं. कुणी बार्लीचं पाणी उकळत ठेवतं, कुणी केमिस्टकडे धावतं, आणि जिला लघवीचा काहीच त्रास नव्हता ती बाई पाच दिवसांच्या गोळ्या घेऊन मोकळी होते. महिन्याने ‘गेला का बघूया’ म्हणून पुन्हा तपासणी होते. पुन्हा तोच जंतू निघतो आणि या वेळी जरा वरची गोळी येते. वर्षभरात असे चार-पाच कोर्स झाले की जंतू जिथल्या तिथे असतो, फक्त त्याच्यावर चालणाऱ्या औषधांची यादी आखूड झालेली असते.

मी मुंबईत सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. लघवीच्या आणि योनिमार्गाच्या नमुन्यांची कल्चर वाचणं, म्हणजे नमुन्यातले जंतू काचेच्या प्लेटवर वाढवून ओळखणं, हे माझं रोजचं काम. ज्यांचे नमुने मी वाचते त्यांच्याशी बोलायची वेळ क्वचित येते, म्हणून हे सगळं इथे सांगते आहे. मूत्रमार्गात आणि जननमार्गात जंतू राहतात, महिनोन्‌महिने राहतात, कधी वर्षानुवर्षं राहतात. त्यांचं नुसतं असणं आणि त्यांनी आजारी पाडणं यांतला फरक आधी ठरवायचा आणि मग औषधाचं बघायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

त्याआधी एक. थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत बरगड्यांखाली ठणका, उलट्या, ग्लानी, लघवी पूर्ण तुंबणं, किंवा मधुमेही माणसाच्या जननेंद्रियाच्या आसपास वेगाने पसरणारी लाली आणि असह्य दुखणं, यांतलं काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आत्ताच रुग्णालय गाठा. गरोदर बाईला ताप आणि लघवीचा त्रास असेल तर रात्र काढू नका. लहान बाळाला कारण न कळणारा ताप असेल तरी तसंच.

पायरी पहिली: त्रास आहे का, हे प्रामाणिकपणे ठरवा

त्रास म्हणजे लघवी करताना जळजळ, ज्याला आपल्याकडे उन्हाळी लागणं म्हणतात. सारखी लागणं, लागली की थांबवता न येणं, ओटीपोटात कळ, लघवीत रक्त. हे अचानक, दोन-तीन दिवसांत सुरू झालेलं असतं.

लघवीला वास येणं हा त्रास नव्हे. गढूळ किंवा गडद पिवळी दिसणं हाही नव्हे. एप्रिल-मे महिन्यात घामाने पाणी गेलं आणि प्यायलं कमी गेलं की कुणाचीही लघवी तशी होते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं मधूनच गोंधळल्यासारखं बोलणं हाही एकट्याने लघवीच्या संसर्गाचा पुरावा नाही. ताप नाही, लघवीची तक्रार नाही, तर आधी पाणी कमी पडलंय का, झोपेची किंवा नवी कुठली गोळी सुरू झाली आहे का, बद्धकोष्ठ आहे का, रक्तातलं सोडियम किती आहे, हे डॉक्टरांकडून बघून घ्या.

काहीही त्रास नसताना लघवीत जंतू सापडणं हे बरंच आढळतं. पाळी चालू असलेल्या निरोगी बायकांमध्ये साधारण १ ते ५ टक्के, सत्तरीपुढच्या बायकांमध्ये १० ते २० टक्के, वृद्धाश्रमात राहणाऱ्या स्त्रियांत २५ ते ५० टक्के. महिनाभर कॅथेटर (मूत्राशयात घातलेली लघवीची नळी) असलेल्या माणसाच्या लघवीत जवळजवळ शंभर टक्के जंतू सापडतातच. मूत्राशय निर्जंतुक असतं असं आम्हाला शिकवलं गेलं होतं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत अधिक संवेदनशील पद्धतींनी पाहिल्यावर निरोगी बायकांच्या मूत्राशयातही लॅक्टोबॅसिलससारखे जंतू राहत असल्याचं दिसलं आहे.

स्वीडनमधल्या एका शाळकरी मुलीची गोष्ट आमच्या विषयात प्रसिद्ध आहे. तिच्या लघवीत ई. कोलायची एक जात तीन वर्षं होती आणि तिला कसलाच त्रास नव्हता. पुढे तीच जात, ८३९७२ या क्रमांकाने, स्वीडनमधल्याच लुंडच्या संशोधकांनी वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि मूत्राशय पूर्ण रिकामं न होणाऱ्या रुग्णांच्या मूत्राशयात मुद्दाम सोडली. ती तिथे टिकली तोवर त्यांचे त्रासदायक संसर्ग कमी झाले. निरुपद्रवी जंतूने जागा धरली की उपद्रवी जंतूला शिरकाव अवघड जातो. हा उपचार दवाखान्यात मिळत नाही, पण यातून जे कळतं ते रोजच्या कामाचं आहे.

इटलीतला २०१२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास तर प्रत्येक फॅमिली डॉक्टरने भिंतीवर लावावा असा आहे. वारंवार संसर्ग होणाऱ्या, पण त्या वेळी त्रास नसलेल्या जवळपास ७०० तरुण बायका त्यात होत्या. लघवीत जंतू सगळ्यांच्याच. निम्म्यांना अँटिबायोटिक दिलं, निम्म्यांना दिलं नाही. वर्षअखेरीस औषध न दिलेल्यांपैकी सुमारे १५ टक्के जणींना त्रासदायक संसर्ग झाला होता, औषध दिलेल्यांपैकी सुमारे ७३ टक्के जणींना. औषधाने राखणीचे जंतू गेले आणि वाट मोकळी झाली.

तेव्हा त्रास नसेल तर लघवीचं कल्चर करूच नका. याला अपवाद दोनच मोठे. गरोदरपण, आणि मूत्रमार्गात दुर्बीण घालून होणारी, आतल्या अस्तराला इजा होऊ शकणारी शस्त्रक्रिया. गुडघेबदल किंवा मोतीबिंदूच्या आधी केवळ ‘फिटनेस’साठी केलेल्या कल्चरमधून निघालेल्या जंतूला औषध लागत नाही.

पायरी दुसरी: नमुना असा द्या की माझ्या प्लेटवर खरं उगवेल

इथे जरा रेंगाळते, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

नमुना अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी द्यायचा. एक गोळी गेली तरी जंतू दबतो, प्लेट कोरी राहते आणि ‘नो ग्रोथ’ वाचून तुम्हाला वाटतं की संसर्गच नव्हता. त्रास असह्य असेल तर नमुना देऊन लगेच औषध सुरू करता येतं. रिपोर्ट दोन दिवसांनी आला की डॉक्टर ते बदलतील.

बाटली प्रयोगशाळेतून किंवा केमिस्टकडून आणलेली, सीलबंद, निर्जंतुक हवी. जॅमची धुतलेली बाटली चालत नाही. हात साबणाने धुवा. बायकांनी बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुऊन, एका हाताने योनिमुखाचे ओठ बाजूला धरावेत. पुरुषांनी शिश्नाच्या टोकावरची त्वचा मागे घ्यावी. डेटॉल, सॅव्हलॉन लावू नये. पहिली धार कमोडमध्ये जाऊ द्या, मधली बाटलीत घ्या, शेवटची पुन्हा बाहेर. बाटलीच्या आत बोट लागू देऊ नका, झाकण उपडं ठेवू नका. पाळी चालू असेल किंवा अंगावरून खूप जात असेल तर आधी स्वच्छ कापसाचा बोळा आत ठेवून मग नमुना द्या.

आता वेळ. अनुकूल वातावरणात ई. कोलाय साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. बदलापूरहून सकाळची लोकल पकडून, बाटली पर्समध्ये ठेवून, वाटेत शाळेत सही करून परळच्या रुग्णालयात नमुना दिलात, तर मधल्या वेळात हजाराचे लाख होऊ शकतात. दोन तासांत नमुना पोहोचत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, चोवीस तासांपर्यंत चालतो. फ्रीझरमध्ये नको. प्रवासातच न्यायचा असेल तर बर्फाच्या पिशवीसोबत न्या, नाहीतर सरळ प्रयोगशाळेच्या बाथरूममध्येच द्या. तिथल्या रांगेचा कंटाळा येतो हे खरं, पण तोच नमुना सर्वांत विश्वासाचा.

तुमचा नमुना आला की आम्ही एक मिलीलिटरचा हजारावा भाग मावेल अशा बारीक लूपने तो प्लेटवर ओढतो आणि ३७ अंशांवर रात्रभर ठेवतो. सकाळी मॅकॉन्की अगरवर, म्हणजे प्लेटमधल्या जंतू वाढवायच्या जेलीवर, ई. कोलायच्या सपाट, कोरड्या, गडद गुलाबी वसाहती दिसतात. एक वसाहत म्हणजे मिलीलिटरमागे हजार जंतू, शंभर वसाहती म्हणजे लाख. एकाच प्रकारच्या वसाहतींनी प्लेट भरली असेल आणि पेशंटला जळजळ असेल तर माझ्या मनात शंका राहत नाही. पण त्याच प्लेटवर गुलाबी, पांढरट आणि करड्या अशा तीन-तीन तऱ्हा मिसळून दिसल्या, तर ती मूत्राशयाची गोष्ट नसते. त्वचेवरचं आणि योनिमार्गातलं काहीबाही बाटलीत उतरलेलं असतं. त्यावर ‘मिक्स्ड ग्रोथ, नमुना पुन्हा द्या’ असं लिहिलं की लोक चिडतात. कृपा करून चिडू नका, पुन्हा द्या. त्या तीन जंतूंपैकी एकाला पकडून औषध सुरू होणं फार वाईट.

पायरी तिसरी: रिपोर्ट वाचताना

साध्या लघवी तपासणीत पस सेल्स (पूपेशी) ० ते ५ ठीक धरतात. जास्त असतील तर कुठेतरी दाह आहे एवढंच कळतं. एपिथेलियल सेल्स (त्वचेच्या किंवा अस्तराच्या पेशी) भरपूर लिहिले असतील तर नमुना मधल्या धारेचा नाही असं समजा. नायट्राइट पॉझिटिव्ह असेल तर ई. कोलायसारखे जंतू असण्याची शक्यता वाढते. निगेटिव्ह असेल तर जंतू नाहीत असं मात्र म्हणता येत नाही, कारण लघवी मूत्राशयात चारेक तास थांबलेली असावी लागते आणि एन्टेरोकॉकससारखे जंतू नायट्राइट बनवतच नाहीत.

लाखाचा आकडा १९५० च्या दशकात बोस्टनमध्ये एडवर्ड कास यांनी रूढ केला. उपयोगी आहे, पण ती लक्ष्मणरेषा नव्हे. जळजळ असलेल्या तरुण बाईच्या लघवीत ई. कोलाय हजारच असले तरी ते खरे असू शकतात. उलट, काहीच त्रास नसलेल्या आजींच्या लघवीतले दहा लाखही सोडून द्यायचे असतात.

सेन्सिटिव्हिटीच्या, म्हणजे जंतूवर कोणतं औषध चालतं याच्या, तक्त्यात ‘एस’ म्हणजे औषध चालेल, ‘आर’ म्हणजे चालणार नाही. ‘आर’ची रांग लांब दिसली की लोकांना घाम फुटतो. जंतू औषधाला दाद देत नाही म्हणून तो जास्त जहाल असतो असं नाही. त्रास नसेल तर ‘आर’ने भरलेल्या तक्त्यालाही औषध लागत नाही.

पायरी चौथी: औषध घ्यायचं ठरलं तर

स्टेशनबाहेरच्या केमिस्टच्या काउंटरवर हा संवाद रोज होतो. “दादा, लघवीला फार जळजळतंय, काहीतरी द्या ना.” “ताई, ही गोळी सकाळ-संध्याकाळ पाच दिवस, आणि हे सिरप पाण्यातून.” गोळी बहुधा सिप्रोफ्लॉक्सॅसिन, नॉरफ्लॉक्सॅसिन किंवा ओफ्लॉक्सॅसिनची असते. भारतातल्या ई. कोलायवर या गटाची ताकद आता खूप घटलेली आहे. दुसरं कारण मुंबईकरांसाठी अधिक गंभीर. याच गटातली लेव्होफ्लॉक्सॅसिन आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन ही औषधाला न जुमानणाऱ्या क्षयाच्या उपचाराची मुख्य औषधं आहेत. ज्या शहरात असा क्षय इतका आहे, तिथे साध्या जळजळीसाठी हा गट वापरला की दबलेला क्षय झाकला जाऊ शकतो आणि क्षयाचा जंतू या औषधांना सरावू शकतो. पट्टीवर लाल उभी रेघ असेल ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नसतं.

खालच्या, म्हणजे मूत्राशयापुरत्या संसर्गाला डॉक्टर बहुतेकदा नायट्रोफ्युरँटॉइन पाच दिवस देतात, किंवा फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची एकच पुडी. दोन्ही आपल्याकडच्या बहुसंख्य ई. कोलायवर अजून चालतात. पण दोन्ही मूत्रपिंडापर्यंत चढलेल्या संसर्गाला पुरत नाहीत. मूत्रपिंडाचं काम बरंच कमी झालेलं असेल, किंवा बाळंतपण अगदी तोंडावर असेल, तर नायट्रोफ्युरँटॉइन नको. सोबत दिलं जाणारं सायट्रेटचं सिरप लघवी अल्कधर्मी करतं, आणि नायट्रोफ्युरँटॉइनला आम्ल लघवी मानवते. दोन्ही एकत्र चिठ्ठीवर असतील तर डॉक्टरांना विचारा, सिरप खरंच हवं का. हा प्रश्न विचारायला लाजू नका.

गरोदरपणात मात्र नियम उलटा. त्रास नसला तरी १२ ते १६ आठवड्यांच्या सुमारास एक कल्चर करावं, आणि जंतू निघाले तर चार ते सात दिवस सुरक्षित औषध घ्यावं. न घेतल्यास बऱ्याच जणींमध्ये संसर्ग मूत्रपिंडात चढतो. औषधानंतर पुन्हा कल्चर करून खात्री करायची. केस पेपरवर फक्त ‘युरिन रुटीन’ लिहिलेलं असेल तर कल्चरबद्दल स्वतः विचारा.

पायरी पाचवी: वारंवार होत असेल तर जंतूचा मुक्काम शोधा

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा, कल्चरने सिद्ध झालेला आणि त्रास देणारा संसर्ग झाला तर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात. प्रत्येक वेळी वेगळा जंतू निघाला तर तो बाहेरून नव्याने आला आहे. दोन आठवड्यांच्या आत तोच जंतू तशाच सेन्सिटिव्हिटीसह परतला, तर तो कुठेतरी दडून राहिला होता अशी शंका घ्यायची.

बहुतेकींमध्ये मूळ मुक्काम आतड्यात असतो. तिथून जंतू योनिमुखाशी येतो, तिथे वस्ती करतो आणि मग चार सेंटिमीटरचा मूत्रमार्ग चढून मूत्राशयात जातो. ई. कोलायच्या अंगावरच्या बारीक केसांच्या टोकाला चिकटण्याची सोय असते. तो अस्तराच्या पेशींना चिकटतो आणि पेशींच्या आत शिरून गठ्ठ्याने वाढतो, हे उंदरांमध्ये स्पष्ट दिसलं आहे, आणि माणसांच्या लघवीतही अशा पेशी सापडल्या आहेत. आत दडलेल्या जंतूला औषध नीट पोहोचत नाही.

दुसरा मुक्काम खड्यात. प्रोटियस नावाचा जंतू युरिया फोडतो, लघवी अल्कधर्मी करतो आणि त्यातून बनणाऱ्या खड्याच्या आत स्वतःच राहतो. रिपोर्टवर प्रोटियस वारंवार येत असेल आणि लघवीचा पीएच सतत ७ च्या वर, म्हणजे लघवी अल्कधर्मी, असेल तर सोनोग्राफी हवीच. सोनोग्राफी करताना ‘लघवीनंतर किती उरते’ तेही मोजायला सांगा. चिठ्ठीवर ते लिहिलेलं नसेल तर बऱ्याच ठिकाणी मोजत नाहीत.

पुरुषांत प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथी. पन्नाशीच्या आसपासच्या पुरुषाला तोच जंतू पुन:पुन्हा येत असेल, बसल्यावर खाली दुखत असेल, तर जंतू प्रोस्टेटमध्ये मुरलेला असू शकतो. पाच दिवसांच्या कोर्सने तो हलत नाही. प्रोस्टेट दाबण्याआधीची आणि नंतरची अशी दोन नमुन्यांची तपासणी करून युरॉलॉजिस्ट चार ते सहा आठवडे औषध देतात. पुरुषाचा लघवीचा संसर्ग कधीच ‘साधा’ समजू नये.

कॅथेटर असेल तर नळीच्या आत जंतूंचा चिकट थर बसतो, आणि तो औषधाने निघत नाही. ताप वगैरे आला तरच कल्चर करायचं, तेही जुनी नळी काढून नवी घातल्यावर, नव्या नळीतून. पिशवीतली लघवी कल्चरला कधीच द्यायची नाही. पिशवी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता. आणि दर भेटीत डॉक्टरांना विचारायचं, ‘नळी अजून लागतेच का?’

मधुमेह्यांनी एक गोष्ट तपासावी. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं साखर लघवीतून बाहेर काढतात. त्यामुळे जननेंद्रियाशी खाज, लाली आणि दह्यासारखा पांढरा स्राव होऊ शकतो. ती बुरशी असते, आणि तिच्यावर अँटिबायोटिक दिलं की ती वाढतेच. औषध स्वतःहून बंद करू नका, पण डॉक्टरांना जरूर सांगा.

पस आहे, जंतू नाही

पस सेल्स तीस-चाळीस आणि कल्चर ‘नो ग्रोथ’, असं दोन-तीनदा आलं, अँटिबायोटिकने काही फरक पडला नाही, लघवीत मधूनमधून रक्त दिसलं, तर मूत्रमार्गाच्या क्षयाची तपासणी करून घ्याच. क्षयाचा जंतू आमच्या नेहमीच्या प्लेटवर उगवत नाही. त्यासाठी लागोपाठ तीन दिवस सकाळची पहिली, पूर्ण लघवी द्यावी लागते, आणि सीबीनॅट (क्षयाच्या जंतूचं जनुकीय द्रव्य शोधणारी तपासणी) व क्षयाचं कल्चर करावं लागतं. पालिकेच्या रुग्णालयांत ही तपासणी आणि उपचार दोन्ही विनामूल्य आहेत. हीच स्थिती क्लॅमिडियासारख्या लैंगिक संसर्गातही दिसते.

खासगी प्रयोगशाळांत हल्ली एका स्वॅबवर दहा-बारा जंतूंचा पीसीआर मिळतो. त्यात ‘युरियाप्लाझ्मा पॉझिटिव्ह’ आलं म्हणून घाबरलेली जोडपी मी पाहिली आहेत. युरियाप्लाझ्मा आणि मायकोप्लाझ्मा होमिनिस हे निरोगी माणसांतही सर्रास असतात. युरोपातल्या तज्ज्ञांनी तर त्यांची सरसकट तपासणी करू नये असं स्पष्ट सांगितलं आहे. क्लॅमिडिया, गोनोरिया, ट्रायकोमोनास आणि मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम यांचं तसं नाही. ते सापडले तर डॉक्टरांकडे जायचं, आणि जोडीदाराचाही विचार करायचा.

अंगावरून पांढरं जात असेल तर

१८९२ साली जर्मनीत आल्बर्ट डोडरलाइन यांनी योनिमार्गातल्या लॅक्टोबॅसिलसचं वर्णन केलं. हे जंतू लॅक्टिक आम्ल बनवून पीएच ३.८ ते ४.५ च्या दरम्यान ठेवतात. दुधाला चांगलं विरजण लागलं की त्यात दुसरं काही सहज वाढत नाही, तसंच हे. ते कमी झाले की गार्डनरेला आणि त्याच्यासोबतचे जंतू अस्तरावर थर धरतात. पातळ करडा स्राव, मासळीसारखा वास, संबंधांनंतर जास्त. याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. खाज फारशी नसते. खाज आणि घट्ट पांढरं असेल तर बुरशीचा संशय.

यासाठी योनिमार्गाचं साधं कल्चर करू नका. त्यात नेहमीच काहीतरी उगवतं आणि अर्थ काही निघत नाही. पीएच आणि सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी पुरते. त्रास असेल तर मेट्रोनिडॅझोल सात दिवस. पण वर्षभरात निम्म्याहून जास्त जणींना ते परत होतं, आणि इथेच बायका स्वतःला दोष देऊ लागतात. दोष त्यांचा नाही. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नवऱ्यालाही मेट्रोनिडॅझोलची गोळी आणि लावायचं क्लिंडामायसिन मलम सात दिवस दिलं, तेव्हा बारा आठवड्यांत पुन्हा होण्याचं प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आलं. वारंवार होत असेल तर नवऱ्याला बरोबर घेऊन जा आणि हा विषय डॉक्टरांसमोर काढा.

आतून धुणं पूर्ण बंद करा. ‘इंटिमेट वॉश’ नको, डेटॉलचं पाणी नको, दही आत लावणंही नको. खाण्याच्या दह्यातले जंतू वेगळे असतात, ते तिथे वस्ती करत नाहीत. दुकानातल्या प्रोबायोटिक कॅप्सूलवर पैसे घालवण्याआधी डॉक्टरांना विचारा. परवडत नसेल किंवा ओळखीच्या दवाखान्यात जायचा संकोच वाटत असेल, तर सरकारी आणि पालिका रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. नाव गुप्त ठेवतात.

पायरी सहावी: पाणी, वेळापत्रक आणि बाकीचे उपाय

डोंबिवलीहून सव्वासहाची लोकल पकडणारी बाई घरून पाणी न पिता निघते, कारण गाडीत शौचालय नाही आणि स्टेशनवरच्यात पाय ठेववत नाही. ऑफिसात पोहोचेपर्यंत तीन तास, मग कामात आणखी दोन. मुंबईत बायकांनी ‘राइट टू पी’ ही चळवळ उभी केली ती याच रोजच्या जाचातून. तेव्हा ‘पाणी प्या’ एवढाच सल्ला देणं मला अर्धवट वाटतं. कुठे जाता येईल हे आधी ठरवा. वाटेतलं मॉल, मोठं रुग्णालय, बरं हॉटेल, ऑफिसचा मजला, अशी दोन ठिकाणं हेरून ठेवा आणि पाणी त्या वेळापत्रकाने प्या.

पाण्याचा फायदा मोजलेला आहे. दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पिणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या बायकांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर जास्त प्यायला लावलं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत त्यांना वर्षात सरासरी १.७ संसर्ग झाले, पाणी न वाढवलेल्यांना ३.२. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. धण्याचं किंवा बार्लीचं पाणी आवडत असेल तर जरूर प्या, त्यातलं पाणी उपयोगाचं आहे.

पाळी गेलेल्या बायकांसाठी सर्वांत मोठा उपाय सर्वांत कमी वापरला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. योनिमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं मलम. पाळी गेल्यावर अस्तर पातळ होतं, लॅक्टोबॅसिलस जातात आणि ई. कोलाय तिथे वस्ती करतो. १९९३ साली इस्रायलमध्ये झालेल्या चाचणीत मलम लावणाऱ्या बायकांना वर्षाला सरासरी ०.५ संसर्ग झाले, न लावणाऱ्यांना ५.९. सुरुवातीला दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर आधी कर्करोगतज्ज्ञांना विचारा. आईला, सासूला हे सांगायला संकोच वाटतो हे मला माहीत आहे, तरी सांगा. साठीतल्या बाईला महिन्याआड अँटिबायोटिक देण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

संबंधांनंतर त्रास होत असेल तर नंतर लघवी करून या, शुक्राणुनाशक मलमं टाळा, कारण ती लॅक्टोबॅसिलसना मारतात. नव्याने लग्न झालेल्या मुलींमध्ये हा त्रास फार दिसतो. जंतू बहुधा तिच्याच आतड्यातला असतो, त्यात कुणाच्या चारित्र्याचा प्रश्न येत नाही.

मेथेनामाइन हिप्प्युरेट हे औषध अँटिबायोटिक नाही, आम्ल लघवीत त्याचं फॉर्मल्डिहाइड बनतं. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत ते रोजच्या अँटिबायोटिकच्या तोडीचं ठरलं. युरॉलॉजिस्टना त्याबद्दल विचारा. क्रॅनबेरीचा थोडा उपयोग होतो, पण साखर घातलेला रस नको. रोज रात्री एक अँटिबायोटिक हा उपाय हे सगळं करून झाल्यावरचा आहे.

पायरी सातवी: ओपीडीत जाताना

केईएम, सायन, नायर या रुग्णालयांत युरॉलॉजी विभाग आहेत, स्त्रियांसाठी सीएसएमटीजवळ कामा रुग्णालय आहे. पहिली साधी तपासणी जवळच्या ‘आपला दवाखाना’त होऊ शकते. सकाळच्या गर्दीत डॉक्टरांकडे तुमच्यासाठी फार वेळ नसतो, म्हणून एका कागदावर लिहून न्या: त्रास कधी झाला, तेव्हा कल्चर झालं का, कोणता जंतू, कोणतं औषध, किती दिवस, आणि बरं वाटायला किती दिवस लागले. कल्चरचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा, ‘नो ग्रोथ’वालेसुद्धा. चालू गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या.

आणि औषध संपल्यावर जळजळ गेली, ताप नाही, लघवी पहिल्यासारखी होते आहे, तर पुन्हा कल्चर करायला जाऊ नका. गरोदर असाल तरच करायचं. बाकीच्यांनी तो फॉर्म कुणी हातात दिला, तर ‘त्रास नाही, तरी हवं का?’ असं एकदा विचारा.